नदीत टाकलेली बाटली

"बाटली नदीत टाकली," असं हेमबहादूरने सांगितलं तेव्हा माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि मी हसत होतो. कुठली बाटली ते माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. मला वाटलं, दारूची असेल. वाटेतल्या गावांत प्रार्थनेनंतर बाटली फेकणारे दोघे-तिघे भेटले होते आणि त्यांची नावं आम्ही वहीत टिपून घेतली होती.

"सोमवारी टाकली," तो म्हणाला. "तुम्ही लोक नगरहून गाडीत बसला ना, त्याच दिवशी. दिलमायाने स्वतःच्या हाताने टाकली. बोलली, बा, विनयाताई येतेय, आता मला कशाला पाहिजे?"

माझ्या मागे विनया उभी होती. माझी धाकटी बहीण, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्याही गळ्यात माळ होती. खांद्याला लावलेली थर्मासची पिशवी तिने पोटाशी ओढून घेतली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाटली इन्सुलिनची होती.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली. आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ पहिल्यांदाच परदेशी सेवेला निघाला होता. परदेश म्हणजे काय, तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून पुढे जीप, मग एक कमान ओलांडायची, की झाला परदेश! पासपोर्ट कुणाकडेच नव्हता. तरी निघायच्या आधीच्या रविवारी देवळात आम्हाला असा निरोप दिला होता की जणू आम्ही जहाजाने आफ्रिकेलाच चाललो होतो. बायका रडल्या, पाळकसाहेबांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, ढोलकीवाल्याने तर ताल सोडून डोळे पुसले. आम्ही नऊ जण होतो. पुढारी अमोस सर, शाळेत पीटी शिकवायचे आणि प्रार्थनाही कवायतीसारखीच करून घ्यायचे. आणि वक्ता म्हणून मी, शमुवेल उजागरे, वय तेवीस.

वक्ता कशामुळे, ते सांगायलाच हवं.

विनयाला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार. गोळ्यांवर भागणारा नव्हे, सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घ्यावी लागणारा. त्या वर्षी जानेवारीत तरुणांचं शिबिर झालं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मनापासून केली, ते मात्र खोटं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली आणि साखर अगदी माणसात आलेली! आदल्या संध्याकाळी तिने नेहमीसारखी सुई घेतली होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आठवण ठेवणं वेगळं. रविवारी साक्षीची वेळ आली, तसा मी उठलो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "प्रभूने माझ्या बहिणीला बरं केलं," मी म्हणालो. सगळी मंडळी उभी राहिली. विनया माझ्या शेजारी मान खाली घालून उभी होती. लोकांना वाटलं, पोरीचं मन भरून आलंय.

घरी आल्यावर आई म्हणाली, "बोलून बसलास ना? आता ती सुई घेते हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये." आमच्यात दिलेली साक्ष परत घेत नाहीत. माणूस चुकला असं कुणी म्हणत नाही, देवालाच तोंडघशी पाडलं असं म्हणतात. तेव्हापासून आठ महिने विनया स्वयंपाकघराच्या दाराआड सुई घेत होती, आणि मी गावोगावी तिला शेजारी उभी करून साक्ष देत होतो. पाळकसाहेबांनी तर मला धर्मशिक्षणाला पाठवायचं पत्रही लिहून ठेवलं होतं. पुढे मी पाळक झालो नाही, एसटीच्या कार्यशाळेत लागलो, ते पुढचं.

पुण्यातल्या एका संमेलनात ती साक्ष हेमबहादूरने ऐकली होती. त्याने पुण्यात अकरा वर्षं वॉचमनची नोकरी केली, तिथल्याच मराठी मंडळीत तो ख्रिस्तावर विश्वास ठेवायला लागला. मग मुलीला घेऊन तो नेपाळातल्या आपल्या डोंगरातल्या गावी परतला आणि पत्र्याच्या छपराखाली लहानशी मंडळी चालवायला लागला. संमेलनानंतर त्याने माझे दोन्ही हात धरले होते. "भाई, आपल्या दिलमायाला पण हाच आजार आहे. तेराव्या वर्षापासून. तू बहिणीला घेऊन ये. पोरीला बघू दे."

माझी छाती केवढी फुगली होती! विनयाने मात्र त्याच दिवशी सांगितलं होतं, "दादा, तिथे नको." पण ऐकतो कोण?

---

दिलमाया सतरा वर्षांची होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण तोंड काय चालायचं! पुण्यात महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. तिने मराठीत तोंड उघडलं आणि आम्ही नऊच्या नऊ जण चाटच पडलो.

"नगरचे ना तुम्ही?" ती विनयाला म्हणाली. "आमच्या वर्गात एक नगरची होती. सारखी भांडायची. डब्यात ठेचा आणायची आणि कुणाला बोटभर द्यायची नाही."

"मी नाही भांडत," विनया म्हणाली.

"मग नगरची कसली तू!"

दोघी हसल्या. दिलमायाने शेजारचा तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. जरा थांबून आणखी मागवला. "सारखी तहान लागतेय बघ. दोनदा उलटी पण झाली. बा म्हणतो, आजार आतून धुऊन निघतोय." मग ती विनयाच्या जवळ सरकली आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच तुला आता टोचावी लागत नाही? एकदा पण नाही?"

विनया माझ्याकडे बघत राहिली.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"किती मज्जा!" दिलमाया म्हणाली आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावला.

थोड्या वेळाने विनयाने मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. गुरुवार होता, दुपारचे चार वाजायला आले होते. ऊन चांगलं होतं आणि खाली दरीत रस्त्याची पांढरी रेघ दिसत होती.

"दादा, तिच्या तोंडाला वास येतोय."

"कसला?"

"फार पिकलेल्या केळ्यासारखा. मला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्या तोंडाला यायचा, तोच. आईने तुला सांगितला असेल की. तिच्या अंगात औषधाचा थेंब नाहीये, आज चौथा दिवस. तिला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला पाहिजे. पाच वाजता शेवटची गाडी आहे, बाजाराच्या गावाला दवाखाना आहे. मी चहावाल्याला विचारून आलेय."

"तू विचारूनही आलीस?"

"मी जिथे जाते तिथे आधी तेच विचारते, दादा. आठ वर्षं झाली."

मला हे माहीत नव्हतं. आठ वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि सांगायचं काय?" मी म्हणालो.

"खरं ते सांगायचं. मी सुई घेते म्हणून सांग. थर्मासमध्ये बाटली आहे, त्यातली तिला आत्ता देऊ आणि गाडीत बसवू."

"उद्या सकाळी बघू. आज सगळे दमलेत, एवढं स्वागत केलंय त्यांनी..."

"उद्या काय बघणार?"

"विनू, समजून घे. असं एकदम नाही सांगता येत. मी अमोस सरांशी आधी बोलतो."

मी अमोस सरांशी बोललो नाही. मला भीती वाटत होती आणि लाज वाटत होती, याखेरीज दुसरं काही कारण नव्हतं. पत्राचं, मंडळीचं, देवाच्या नावाचं मी स्वतःला जे सांगत होतो, ते सगळं त्या लाजेला घातलेलं पांघरूण होतं. पाच वाजता खालून गाडीचा भोंगा ऐकू आला. विनया गोठ्याच्या भिंतीला टेकून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होती.

त्या रात्री धो धो पाऊस झाला.

---

शुक्रवारी सकाळी बातमी आली की खालच्या वळणावर डोंगरच रस्त्यावर आलाय. दोन्हीकडच्या गाड्या बंद. किती दिवस, ते कुणालाच सांगता येईना.

दिलमाया अंथरुणावरून उठली नाही. बोलायची, पण मधेच थांबायची. श्वास खोल, लांब, जणू कुणी डोंगर चढतंय. अमोस सरांनी उपवास जाहीर केला आणि प्रार्थनेची साखळी लावली. एकेका तासाला दोघे, उशाशी बसायचं. तिच्या कपाळाला तेल लावलं. हेमबहादूर पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होता. त्याची बायको पुण्यातच वारली होती. ह्या पोरीशिवाय त्याचं म्हणून कुणी नव्हतं.

दुपारी विनयाने माझी वाट बघणं सोडलं आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. मी दाराबाहेरून ऐकत होतो.

"काका, मी सुई घेते. रोज दोन वेळा. माझ्याजवळ औषध आहे, दिलमायाला देऊ या."

हेमबहादूर हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "नानी," तो म्हणाला, नेपाळीत पोरीला नानीच म्हणतात, "घाबरली तू. कसोटीची वेळ आली की असंच वाटते."

"नाही काका, खरंच घेते. दंड बघा माझा."

"हे जुने डाग असतील. दिलमायाला पण आहेत." मग तो उठला. "तुझा भाऊ देवाच्या घरात उभा राहून बोलला. मी माझ्या कानाने ऐकला. तो काय खोटं बोलेल?"

तो बाहेर आला. मी होतो, अमोस सर होते, संघातली पोरं चुलीजवळ बसली होती. सगळ्यांदेखत त्याने मला विचारलं, "भाई, नानी बोलते ती सुई घेते. खरं काय?"

त्याच्या तोंडावर संशय असा नव्हताच. मी नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. अमोस सर माझ्याकडे बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं माझं. एक शब्द बोलायचा होता. माझ्या तोंडातून जे निघालं ते आजही झोपेतून उठवतं.

"ती घाबरलीय," मी म्हणालो. "आजारी माणूस बघितलं की घाबरते ती. लहानपणापासून."

"तेच मी बोललो," हेमबहादूर म्हणाला आणि परत आत गेला.

विनया दारात उभी होती. मला वाटलं आता रडेल, ओरडेल. ती शांतपणे पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली.

"बाटलीत सात दिवसांचं आहे," ती म्हणाली. "रस्ता कधी उघडेल माहीत नाही. माझं मी सकाळपासून बंद केलंय. ते सगळं तिच्यासाठी ठेवलंय. तू तोंड उघडशील तेव्हा लागेल."

"वेडी आहेस का तू?"

"तू साक्ष दिलीस ना, मी बरी झाले म्हणून? मग बरीच आहे मी."

मी हात जोडले, रागावलो, आईची शपथ घातली. ती थर्मास उशाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मला वाटलं, हट्ट आहे, सकाळपर्यंत घेईल. मला सगळंच सकाळपर्यंत होईल असं वाटत होतं.

---

नेपाळात उपासना शनिवारी असते. सकाळी नऊला पत्र्याखाली चाळीसेक माणसं जमली. दिलमायाला चटईवर घालून पुढे आणून ठेवलं होतं. डोळे अर्धे उघडे. तिच्या श्वासाचा आवाज सगळ्या खोलीत भरला होता. गाणं चालू असताना तो ऐकू येत नव्हता, म्हणून लोक गाणं थांबवत नव्हते.

अमोस सरांनी हात वर केला. "आता आपले भाऊ शमुवेल साक्ष देतील. लोकांचा विश्वास वाढला पाहिजे. विनया, तूही ये."

विनया उठली. दोन पावलं टाकली आणि अडखळली, तशी मी तिला सावरायला वाकलो. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं.

पिकलेल्या केळ्याचा वास.

मी खरं सांगतो, कारण आता तेवढंच हाती आहे. दिलमायाच्या उशाशी मी एक तास बसलो होतो. तिचा श्वास मी ऐकला होता. त्याने माझं तोंड उघडलं नाही. माझ्या बहिणीच्या तोंडाला तो वास आला, तेव्हा उघडलं.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो.

हेमबहादूर माझं बोलणं नेपाळीत सांगायला शेजारी उभा होता. त्याने ते वाक्य सांगितलं नाही.

"माझी बहीण बरी झालेली नाही. रोज दोनदा सुई घेते. जानेवारीतही घेत होती. काल तुम्ही विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो. ती कालपासून स्वतःचं औषध घेत नाहीये. दिलमायासाठी ठेवलंय."

"शमुवेल!" अमोस सर म्हणाले. "खाली बस. दबाव आलाय तुझ्यावर. आपण प्रार्थना करू."

"काका, मारा मला," मी हेमबहादूरला म्हणालो. "पण आधी पोरीला सुई द्या."

त्याने मला मारलं नाही. माझ्याकडे बघायलाही तो थांबला नाही. विनयाच्या हातातून थर्मास घेतला, झाकण उघडलं, बाटली उजेडाकडे धरली. "किती वेळ झाला उघडून?" त्याने तिला विचारलं. "बर्फ कधी टाकला?" ती सांगत होती, तो सुई भरत होता. चार वर्षं रोज हेच काम केलेला हात. दिलमायाच्या दंडाची कातडी चिमटीत धरून त्याने सुई दिली, काढली, अंगठ्याने जागा दाबून धरली. मग नेपाळीत ओरडला. एक जण डोको आणायला पळाला.

डोको म्हणजे पाठीवरची मोठी वेताची टोपली. कपाळावरून पट्टा घेऊन त्यात ओझं वाहतात. एका बाजूने कापलेल्या डोकोत दिलमायाला बसवलं, शालीने बांधलं, आणि बाप स्वतः उठला तिला घेऊन. आणखी तिघे आळीपाळीने घ्यायला बरोबर होते. त्याने कुणाला दिली नाही.

"तू पण घे आता," मी विनयाला म्हणालो.

"ती खाली पोचू दे. दवाखान्यापर्यंत तिला आणखी लागेल."

"विनू, पाया पडतो तुझ्या."

"माझ्या नको पडू," ती म्हणाली.

ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरत होती. दर दहा पावलांनी थांबायची. माझ्या गळ्यात आता माळेच्या जागी थर्मास होता. पुढे डोको दिसायचा आणि त्यातून दिलमायाचं तोंड आमच्याकडे वळलेलं. पाठीवरचं माणूस मागे बघतं. एकदा तिने डोळे उघडले. मला वाटलं, ती काहीतरी बोलणार. मी पुढे धावलो. ओठ हलले, पण पाणी सोडून दुसरं काही तिने मागितलं नाही. मी चमच्याने पाजलं. तोंडाच्या कडेने ते बाहेर आलं.

जिथे डोंगर खाली आला होता तिथे रस्ता असा नव्हताच. नुसता लाल चिखल, दगड आणि उपटून पडलेली झाडं. गावचे लोक एकेक दगड पायाने चाचपत पुढे जायचे आणि मागच्याला हात द्यायचे. एरवी ज्या जागेवरून गाडी दोन मिनिटांत जाते, ती पार करायला आम्हाला दीड तास लागला. हेमबहादूर गुडघ्यापर्यंत रुतत होता. प्रार्थना कुणीच करत नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्याजवळ देवाशी बोलायला तोंड उरलं नव्हतं.

पलीकडे चहाची एक टपरी होती, आणि तिथून पुढे बाजाराच्या गावाला जाणारी जीप उभी होती. हेमबहादूरने बाकड्याजवळ डोको उतरवला. शाल सोडली. मग तो उकिडवा बसला, पोरीच्या नाकाजवळ हात धरला, आणि हात तसाच धरून राहिला. जीपवाल्याने गाडी चालू केली होती. कुणीतरी त्याला बंद करायला सांगितलं.

गुरुवारी चार वाजता रस्ता होता. त्याच टपरीपुढून पाचची गाडी गेली होती. हे मी तिथे उभा राहून मोजलं आणि आज सत्तावीस वर्षं मोजतोय.

---

किती वेळ गेला ठाऊक नाही. गावातून मागोमाग आलेल्या बाया रडत होत्या. अमोस सर एका दगडावर डोकं धरून बसले होते. विनया टपरीच्या भिंतीला टेकून खाली सरकली होती, आणि एकदा उलटी झाली होती तिला. मी तिच्यापाशी जाऊन बाटली काढली, पण पुढे काय करतात तेच मला येईना. सुई कशी भरतात, कुठे टोचतात, किती देतात. आठ वर्षं एका घरात राहून मी एकदाही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या अंगावर सावली पडली. हेमबहादूर पोरीजवळून उठून आला होता.

"नानी, तू आज घेतली?"

विनयाने मान हलवली. नाही.

"काल?"

"नाही. परवा संध्याकाळची शेवटची."

त्याने माझ्या हातातून बाटली घेतली. बाटली तळहातांत फिरवली, सुईत औषध ओढलं, टिचकी मारून बुडबुडा काढला. मग थांबला.

"तू किती घेते?"

"चौदा युनिट."

हाताने सवयीने सोळापर्यंत ओढलं होतं. दोन त्याने परत बाटलीत सोडले. "दिलमाया सोळा घ्यायची," तो म्हणाला, आणि माझ्या बहिणीची बाही वर सारून, कातडी चिमटीत धरून, त्याने तिला सुई दिली. चिखलाने भरलेला अंगठा सदऱ्याला पुसून त्याने ती जागा दाबून धरली. नंतर कितीतरी वेळ त्याने तो अंगठा काढला नाही. विनया त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तो रडला नाही. मला वाटतं, त्याला तेव्हा रडायला कुणी मोकळं ठेवलंच नव्हतं.

त्याच जीपने त्याने आम्हाला दवाखान्यात पाठवलं. विनयाला रात्रभर सलाईन लावलं. रविवारी नगरला आमच्या देवळात आमच्यासाठी उपकारस्तुती चालू असेल त्या वेळेला मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. दहाच्या सुमारास हेमबहादूर आला. मुलीला पुरून तो सरळ आला होता, नखांत माती होती. आधी त्याने बाहेरच्या नळावर हात धुतले, दोनदा.

मी उठून उभा राहिलो. "काका, मला माफ..."

"ते नंतर," तो म्हणाला. "इकडे ये. शीक."

त्याने माझ्या हातात सुई दिली. बाटली कशी धरायची, हवा कशी काढायची, एकेक रेघ कशी मोजायची, ते सगळं मला दाखवलं. मी चौदावर आणली. त्याने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दोघांच्या हातांनी ती सुई विनयाच्या दंडात गेली.

"दुखत नाही, असं बोलतात ह्या पोरी," तो म्हणाला. "बापाला वाईट वाटेल म्हणून बोलतात. तू विचारायचं. रोज विचारायचं."

मी सुई काढली. अंगठ्याने जागा दाबून धरली.

"दुखलं?" मी विचारलं.

विनयाने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली.